ओडेन कुशनीला आलेली हाक

ऑल्डमार्श पोलीस ठाणे. दिनांक ११ मार्च २०१४.

नाव लॅसेल्स ऑगस्टस पिनॉक, वय ४६ वर्षे, धंदा न्हावी, मूळ राहणार सॅव्हाना-ला-मार, जमैका. सध्या मुक्काम थॉर्नमेअर स्थानबद्धता केंद्र, हेरॉन इमारत, तळमजला.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की, मी गेली एकोणीस वर्षे इंग्लंडमध्ये असून त्यातली बहुतेक बर्मिंगहॅममध्ये लोकांचे केस कापण्यात गेली. व्हिसा संपल्यावरही राहिलो, म्हणून मला मागच्या ऑक्टोबरात दुकानातून उचलून थॉर्नमेअरला आणण्यात आले. हा तुरुंग नाही, असे तिथल्या दाराशीच लिहिलेले आहे. दारे मात्र बाहेरून बंद होतात. मी तिथेही केस कापतो. केंद्राने मला एक खुर्ची, एक आरसा आणि रोज संध्याकाळी परत घेतली जाणारी हत्यारे दिली आहेत. न्हाव्यासमोर भलाभला मान खाली घालून बसतो आणि बसला की बोलतो. त्यामुळे हेरॉन इमारतीत काय शिजतंय ते अधिकाऱ्यांच्या आधी मला कळते. फुशारकी म्हणून सांगत नाही. पुढचे सगळे तुला कसे ठाऊक, असे विचाराल म्हणून सांगतो.

बेपत्ता इसम ओडेन कुशनी, वय २४, हा जानेवारीच्या अखेरीस आला. विमानतळावर उतरल्या उतरल्या त्याने आश्रय मागितला, म्हणून त्याला थेट आमच्याकडे पाठवले. नोंदणीच्या खिडकीत त्या दिवशी एक मोठ्या आवाजाचा अधिकारी होता. मागे जेवणाची रांग होती आणि रांगेत बरेचसे आमचेच जमैकन होते. अधिकाऱ्याने विचारले, "आश्रय कशासाठी?" ओडेन हळू काहीतरी म्हणाला. "मोठ्याने बोल." ओडेन पुन्हा म्हणाला. "पुरुषांबरोबर? म्हणजे गे आहेस, असं लिहू ना?" ओडेन म्हणाला, "हो." मी टॉवेल घेऊन तिथूनच चाललो होतो. रांगेतली बडबड एकदम बंद झाली. ज्याच्यापासून तो पळून आला होता, ते त्याच्या आधी येऊन हातात ताट घेऊन उभे होते.

त्याच जेवणापासून सुरू झाले. "या वहिनी, बसा. खुर्ची पुसून देऊ का?" "अरे, तिच्या चमच्याला हात लावू नका, बोटं गळतील." एरल फेसी नावाचा एक इसम आमच्यात म्होरक्या आहे. तो मोठ्याने बायबल वाचतो, म्हणून सगळे त्याला डेकन म्हणतात, म्हणजे चर्चचा सेवक. त्याने जाहीर केले की ओडेनच्या खोलीत जो झोपेल त्याने आपल्याशी बोलू नये. दोन खोल्यांनी ओडेनला घेतले नाही. तिसरी खोली माझी. डेकन दारात येऊन म्हणाला, "लॅस, तुझ्या खोलीत घाण टाकलीय त्यांनी. तक्रार कर." मी म्हणालो, "खोली माझी, झाडू माझा. तुझ्या नाकाला का मिरच्या?" दुसऱ्या दिवशी मी ओडेनचे केस कापले. त्यानंतर माझी अर्धी गिऱ्हाइके तुटली. "त्या खुर्चीत आता कोण बसणार?" असे म्हणाले. मी म्हणालो, "मग वाढवा जटा."

आता पुढची गोष्ट समजायला एक सांगणे भाग आहे. आमच्याकडे पोराला चालता यायच्या आधी आई एक गोष्ट शिकवते की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. जिवंत माणूस असेल तर तो दुसऱ्यांदा हाक मारेल. मेलेल्याला हाक एकदाच मारता येते. म्हणून गप्प बसायचे आणि दुसऱ्या हाकेची वाट बघायची. हे लिहायलाच हवे का, असे कॉन्स्टेबल टॅम्ब्लिन मॅडमनी विचारले. मी म्हणालो, लिहा. सगळे त्यावरच आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुपारचे जेवण झाल्यावर, मी आणि ओडेन खोलीत होतो. त्या दिवशी कधी नव्हे ते ऊन पडले होते, म्हणून बाकी सगळे मैदानात फुटबॉलला गेले होते. ओडेन कपड्यांच्या घड्या घालत होता. तेवढ्यात बाहेरच्या बोळातून हाक आली, "टोटो." तरुण पुरुषाचा आवाज. थोडा हसरा. जेवण थंड होतंय, ये लवकर, अशा सुराचा. मला कोणी टोटो ठाऊक नव्हता. ओडेनचे हात मात्र तिथेच थांबले. मी बोलायला तोंड उघडले तर त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. आम्ही वाट बघितली. दुसरी हाक आली नाही.

मी दार उघडून पाहिले. बोळ दोन्ही टोकांपर्यंत रिकामा होता. नुकतीच फरशी पुसलेली होती आणि अजून ओली होती. तिच्यावर एकही पाऊल उठलेले नव्हते.

मग ओडेनने सांगितले की टोटो म्हणजे खोबऱ्याचा केक. त्याची आजी तो करून विकायची आणि हा टोपलीतला चोरून खायचा, म्हणून तिने त्याला ते नाव पाडले. आजी वारली. त्यानंतर त्याला त्या नावाने हाक मारणारा जगात एकच माणूस होता, वेंडल. वेंडल आणि ओडेन माँटेगो बेच्या वरच्या अंगाला दोन वर्षे एकत्र राहत होते. शेजाऱ्यांना चुलतभाऊ असे सांगितलेले. मागच्या जूनमध्ये भर दुपारी फाटकाशी कोणीतरी वेंडलला त्याच्या घरातल्या नावाने गोड आवाजात हाक मारली. वेंडल इस्त्री करत होता. तो हसत बाहेर गेला. ओडेन म्हणाला, "पहिल्याच हाकेला गेला, काका. लख्ख ऊन होतं हो. उन्हात कोण घाबरतं?" फाटकाबाहेर कोयते घेऊन माणसे उभी होती. ओडेन मागच्या खिडकीतून निसटला. इस्त्री चालूच राहिली होती, घर त्यामुळे जळाले की त्या लोकांनी जाळले, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

एवढे सांगून तो म्हणाला, "आत्ताचा आवाज वेंडलचा होता."

मी त्याला झापले. म्हणालो, "खुळ्यासारखं बोलू नकोस. कोणीतरी तुझ्या गावचा इथे येऊन पडलाय आणि खोडी काढतोय." मी तसे म्हणालो खरा. पण हेरॉनमधल्या प्रत्येक जमैकनाची हजामत मी केलेली आहे आणि प्रत्येकाचा आवाज मला पाठ आहे. त्यातला तो एकाचाही नव्हता.

पुढे ती हाक जेवणाच्या रांगेत आली, मैदानात आली, नळांपाशी आली. नेहमी दिवसाउजेडी आणि नेहमी एकदाच. ती मला एकट्याला ऐकू येत नव्हती. श्रीलंकेचे एक म्हातारे गृहस्थ रांगेत माझ्यामागे होते. त्यांना आमच्या भानगडींची काहीच कल्पना नव्हती. त्यांनी माझ्या खांद्यावर बोट ठेवून सांगितले, "तुमच्या पोराला कोणीतरी बोलावतंय वाटतं." मी वळून पाहिले. ते ज्या दिशेला बघत होते तिकडे कोरी भिंत होती.

मग एके दिवशी डेकन माझ्या खुर्चीत येऊन बसला. बहिष्कार त्यानेच घातला होता, तरी आला. शर्ट उलटा घातलेला, शिवणी बाहेर. आमच्याकडे मेलेल्याने आपल्याला ओळखू नये म्हणून कपडे उलटे घालतात. तो म्हणाला, "दाढी कर." मी करू लागलो. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाला, "लॅस, त्या पोराला सांग, त्याच्या माणसाला म्हणावं माझ्या दारावरून जाऊ नकोस."

"का रे? तू तर एवढं बायबल वाचतोस."

"बायबल बायबलच्या जागी. काल माझ्या दारात थांबून हाक मारली."

"मग ओ द्यायचीस."

"मी का देऊ? माझं नाव टोटो आहे?" असे म्हणून तो हसला आणि हसता हसता त्याचा जबडा असा हलायला लागला की मला मशीन उचलून धरावे लागले. खोटे कशाला बोलू, मला बरे वाटले. मग तो म्हणाला, "आवाज चांगला आहे रे माणसाचा. कोण होता?" मी सांगितले नाही.

तीन-चार दिवसांत सगळ्या जमैकनांचे शर्ट उलटे झाले. ओडेनला वहिनी म्हणणे थांबले. त्याच्याजवळून जाताना लोक भिंतीला अंग घासून जाऊ लागले. त्याच्या ताटात कोणी थुंकेना. मला वाटले, चला, जिवंत माणसांनी केले नाही ते मेलेल्याने केले, आता पोराला दोन घास सुखाने खाता येतील. पण आमचे नशीब एवढे सरळ कुठले?

केंद्राचे व्यवस्थापक प्रुएट साहेब यांनी मला बोलावून घेतले. म्हणाले, "हे उलट्या शर्टांचं आंदोलन काय आहे? मागण्या काय आहेत तुमच्या?" मला हसू आवरले नाही. म्हणालो, "मागणी एकच साहेब, मेलेल्याने आम्हाला ओळखू नये." ते हसले नाहीत. म्हणाले, "सुरुवात कोणापासून झाली?" मी म्हणालो, माहीत नाही. पण दुसऱ्या कोणीतरी कुशनीचे नाव सांगितले असावे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ओडेनला सामानासकट विलग कक्षात हलवले. कागदावर कारण लिहिले, त्याच्या स्वतःच्या सुरक्षिततेसाठी.

मी पुन्हा साहेबांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, छळणारे इकडे मोकळे आणि कोंडायचं याला?"

"धोका त्याला आहे, पिनॉक."

"मग धोक्याला कोंडा ना."

ते म्हणाले, माझा सूर त्यांना आवडला नाही. मलाही त्यांचा आवडला नव्हता, पण माझ्याकडे तो लिहून ठेवायला वही नव्हती.

विलग कक्ष मुख्य इमारतीच्या मागे आहे. एका बोळात सहा खोल्या. खोलीत पलंग, पोलादी संडास आणि दारात एक झडप. तिथली रीत अशी की दिवसातून बऱ्याचदा अधिकारी झडप उघडून नाव घेतो आणि आतल्याने ओ द्यायची, म्हणजे तो जिवंत असल्याची खूण होते. नाव एकदाच घेतात. पुढच्या दारावर जायचे असते. ओडेन पहिल्या हाकेला ओ देत नव्हता आणि दुसरी हाक कोणी मारत नव्हते. अधिकारी डोळा लावून बघायचे, माणूस बसलेला दिसायचा, मग "विचारल्यास उत्तर देत नाही" असे म्हणून पुढे जायचे.

मी आठवड्यातून एकदा त्या कक्षात केस कापायला जातो. तिथे कर्स्टी ऑलब्राइट नावाच्या अधिकारी आहेत. वयाने लहान, पण माणूस म्हणून नीट. मी त्यांना सांगितले, "मॅडम, त्याला दोनदा हाक मारा. तो वेडा नाही आणि माजोरीही नाही. त्याला तसं शिकवलंय." त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे करून पाहिले. "कुशनी. कुशनी." आतून लगेच आवाज आला, "हो मॅडम, आहे मी." ऑलब्राइट मॅडमचे डोळे भरून आले ते मी पाहिले. पण त्यांची पाळी रोज नसायची.

आश्रयाच्या अर्जाची मुलाखत घ्यायला लंडनहून अधिकारी आले तेव्हा त्या रजेवर होत्या. ही मुलाखत म्हणजेच सगळे. त्यात वेंडलबद्दल, घराबद्दल सांगायचे आणि पटले तर राहायला मिळते. ओडेनला नेण्यासाठी जो अधिकारी गेला त्याने झडप उघडून "कुशनी" म्हटले आणि उत्तर आले नाही म्हणून तो परत फिरला. ओडेनने मला नंतर सांगितले ते असे: "काका, आवाज नवीन होता. मी चांगला शर्ट घातला होता. केस ओले करून बसवले होते. कुठून सुरुवात करायची ते पाठ केलं होतं. मी दारापाशी उभा राहून दुसऱ्या हाकेची वाट बघत होतो. ती आलीच नाही."

लंडनच्या अधिकाऱ्याने चहा घेतला आणि ते गेले. दोन दिवसांनी ओडेनच्या हातात कागद आला की त्याने मुलाखतीस नकार दिला, सबब अर्ज मागे घेतला असे समजण्यात येत आहे. मी प्रुएट साहेबांच्या खोलीत जाऊन ओरडलो. जे बोललो त्यातल्या शिव्या इथे लिहू नयेत, पण त्या मी दिल्या. साहेब शांतपणे म्हणाले, "एका हाकेला ओ द्यायला काय जातं?" मी म्हणालो, "त्याचा माणूस गेला साहेब. त्यातच गेला." त्यांना कळले नाही. वकिलांनी फोनवर सांगितले की अर्ज पुन्हा उघडायला लावू, थोडे दिवस द्या. विमानाचे तिकीट त्याआधीच निघाले होते, ४ मार्चचे.

४ मार्च रोजी दुपारी ओडेनने केस कापून मागितले. तो म्हणाला होता, गबाळा दिसून घरी जायचे नाही. मला हत्यारांसह विलग कक्षात नेण्यात आले. ऑलब्राइट मॅडम दारात उभ्या होत्या. बोळ पुढे जाऊन कोपऱ्यात वळतो आणि वळणापलीकडे गाडीच्या आवाराचे दार आहे. तिथे त्याला विमानतळावर नेणारे खासगी कंपनीचे तीन रक्षक थांबले होते. त्यांच्या गप्पा आम्हाला ऐकू येत होत्या, फुटबॉलच्या.

मी ओडेनच्या गळ्याभोवती कापड टाकून मागे टिचबटण लावले. आम्ही बोललो. माझी बहीण मायर्टल हिला मी सगळे कळवले होते. ती माँटेगो बेच्या विमानतळावर येऊन त्याला परस्पर आमच्या गावी नेणार होती, त्याच्या वस्तीकडे जाऊ देणार नव्हती. मी म्हणालो, "तोंड बंद ठेव, दाढी वाढव, चर्चला जा आणि पोचलास की त्याच दिवशी मला फोन कर." तो म्हणाला, "त्याच तासाला करतो, काका." डावी बाजू कापून झाली होती. मी उजवीकडे आलो.

तेव्हा हाक आली, "टोटो."

बोळाच्या टोकाकडून आली. मी ऐकली. ऑलब्राइट मॅडमनीही मान वर करून त्या बाजूला पाहिले, हे मी शपथेवर सांगतो. रक्षकांच्या गप्पा बंद पडल्या. ओडेन उठला. मी त्याचा दंड धरून म्हणालो, "खाली बस. एकदाच आलीय." त्याने माझ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा इतका मोकळा मी त्याआधी पाहिला नव्हता. तो म्हणाला, "काका, इतके दिवस गप्प बसून काय मिळालं?" मग त्याने बोळाकडे तोंड करून, मोठ्याने, घरातल्या घरात द्यावी तशी ओ दिली, "आलो रे!"

तो गळ्यात कापड तसेच ठेवून, अर्धे डोके कापलेले, चालत गेला. पळाला नाही. ऑलब्राइट मॅडम त्याच्यामागे गेल्या. तो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा त्या त्याच्या मागे हातभर अंतरावर होत्या. मी खोलीच्या दारातून ओरडलो, "ओडेन! ओडेन!" जिवंत माणसाने हाक मारावी तशी, दोनदा. उत्तर आले नाही.

मग मॅडमचा आवाज आला, "कुठे गेला?" आणि एका रक्षकाचा, "कोण?"

रक्षकांचे म्हणणे असे की वळणावरून फक्त ऑलब्राइट मॅडम आल्या. आवाराच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली रक्षकांच्या पट्ट्याला होती. दाराच्या आतल्या बाजूला, फरशीवर माझे कापड पडले होते. मला ते उचलायला लावले. टिचबटण लावलेलेच होते. कापडात केस तसेच होते, जरासुद्धा सांडलेले नव्हते. मी वीस वर्षे तसले कापड लोकांच्या गळ्यात घालतो आहे. ते बटण न उघडता डोक्यावरून निघत नाही. कापड सध्या माझ्या खोलीत आहे आणि मागाल तेव्हा हजर करीन.

मला लगेच हेरॉनला परत नेले. प्रुएट साहेबांनी संध्याकाळी सांगितले की कुशनीला ठरल्याप्रमाणे रवाना केले. कागदावर तसेच आहे. रक्षकांची कंपनी म्हणते, आमच्या ताब्यात कोणी दिले नाही, रिकामी गाडी परत नेली. विमान कंपनी म्हणते, त्या नावाचा प्रवासी चढला नाही. मायर्टल विमानतळावर शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत थांबली आणि मग सफाईवाल्यांनाही विचारून आली. ऑलब्राइट मॅडम त्या दिवसापासून कामावर नाहीत. माझ्या खुर्चीत आता कोणी त्याचे नाव काढत नाही. डेकनने शर्ट सुलटा केला आहे. हाकही बंद झाली आहे.

मी भूत होते असे म्हणत नाही. त्या तीन रक्षकांनी काही केले असेल. आमच्यातली माणसे त्यांच्या हातून आधी मार खाऊन परत आलेली आहेत, विचारा कोणालाही. किंवा कोणी दार उघडून त्याला सोडले असेल आणि तो कुठेतरी लपला असेल. तसे असेल तर देव त्या माणसाचे भले करो. किंवा ज्याला मला नाव देता येत नाही असे काही झाले असेल. काहीही झालेले असो, एक चोवीस वर्षांचा माणूस चार भिंतींच्या आतून नाहीसा झाला आहे आणि प्रत्येक कचेरी त्याला दुसऱ्या कचेरीत बसवते आहे. मी केंद्रातल्या फोनवरून या ठाण्याला सहा वेळा फोन केला, तेव्हा आज मला इथे आणले.

टॅम्ब्लिन मॅडमनी मला समजावून सांगितले की केंद्राच्या लेखी तो देशाबाहेर गेलेला आहे. जो गेला त्याचा शोध कसा घ्यायचा, असे त्यांचे वरिष्ठ विचारतील. तो ज्याला नक्की कळवणार होता असा कोणी जवळचा माणूस "त्याने कळवलेले नाही" असे सांगत असेल, तर बेपत्ता म्हणून नोंद घेता येईल. मग त्यांनी विचारले, "तुम्ही त्याचे कोण? नातेवाईक?" मी म्हणालो, नाही. "मित्र? एक महिन्याची ओळख. वरिष्ठ म्हणतील, खोलीतला सोबती, गेला आणि विसरला. तो तुम्हाला विसरणार नाही, असं कशावरून?"

यावर मी आधी पाणी मागितले. मॅडमनी ते आणून दिले. मग मी सांगितले ते असे की, मीही ओडेनसारखाच आहे. मला पुरुष आवडतात. हे मी आईला सांगितले नाही, मायर्टलला नाही, एकोणीस वर्षांत बर्मिंगहॅममधल्या एकाही गिऱ्हाइकाला नाही, आणि आश्रयाचे कारण म्हणून सरकारलाही नाही. माझ्या आरशाला माझी लेक म्हणून ज्या मुलीचा फोटो लावलेला आहे ती माझी नाही, मायर्टलची आहे. ओडेनला मात्र मी दुसऱ्याच आठवड्यात सांगितले. तो म्हणाला, "मला पहिल्यांदा केस कापलेत तेव्हाच कळलं होतं, काका. माझ्या मानेवरचे केस पुसताना तुमचा हात इतरांसारखा मागे गेला नाही." ज्याला हे ठाऊक होते असा जगात तो एकटा माणूस होता. माझ्या घरी, माझ्या बहिणीच्या दारात मी त्याला पाठवत होतो. तो मला विसरणार नाही, त्याला फोन मिळाला असता तर त्याने केला असता. त्याने केलेला नाही, म्हणजे त्याला फोन मिळालेला नाही. त्याला शोधा.

मॅडम म्हणाल्या की या जबाबाची प्रत केंद्राला जाईल, ते वाक्य वगळायचे असेल तर दुसऱ्या शब्दांत लिहू. मी म्हणालो, दुसऱ्या शब्दांत लिहिले तर वरिष्ठ पुन्हा विचारतील. आहे तसे लिहा.

मला इथे घेऊन आलेले केंद्राचे दोन रक्षक या खोलीच्या बाहेर बाकावर बसलेले असून दार उघडे आहे. त्यातला एक डेकनबरोबर पत्ते खेळतो. सदरचा जबाब टॅम्ब्लिन मॅडमनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला. माझ्याबद्दलच्या त्या वाक्यापाशी त्यांनी आवाज खाली घेतला. त्या भल्या मनाने करत होत्या, त्यांना दोष नाही. पण मी त्यांना ते वाक्य पुन्हा, बाकीचे वाचले तेवढ्याच मोठ्याने वाचायला सांगितले. त्यांनी वाचले. बाहेरचे बोलणे थांबले. मी सांगितले तसेच ते लिहिले आहे, त्यात माझ्याकडून एक अक्षर कमी करायचे नाही, आणि खाली सही माझी आहे.

एल. ए. पिनॉक